भवानीचं गिऱ्हाईक

"कुठले बोंबील?" आईने विचारलं, आणि माझ्या हातातला घास ताटावरच थांबला. रविवार होता. मुरबे गावातल्या आमच्या घरी ओटीवर आम्ही दोघी जेवायला बसलो होतो आणि मी अगदी सहज म्हणाले होते की गुरुवारी पाठवलेले बोंबील फार ताजे होते, कालवण दोन वेळा पुरलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी नाय पाठवले. मी कंदी पाठवले तुला?" मी हसले. तिची चेष्टा करायची म्हणून म्हटलं, म्हातारी झालीस, विसरायला लागलीस. पण हे म्हणत असतानाच मला कळत होतं की मी खोटं बोलतेय. माझी आई हिरा नातेवाईकांची लग्नं विसरते, उपास विसरते, माझं वय तर ती दर वर्षी नवीनच सांगते. पण कुणाला कोणता मासा दिला हे ती जन्मात विसरत नाही. मी घास खाली ठेवला. ताटात त्या दिवशीही बोंबीलच होते, आणि माझ्या अंगावर काटा आला तो त्यांच्याकडे बघून.

दसऱ्यानंतर हे सुरू झालं होतं. मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते आणि सालवडला गोजराबाईंच्या चाळीत एकटी राहत होते. संध्याकाळी कामावरून आले की दाराच्या वर, मांजराचा पंजा पोचणार नाही अशा उंचीवरच्या खिळ्याला एक पुडी टांगलेली असायची. सागाचं पान आणि वरून केळीचा सोप गुंडाळलेला. आई बाजारात अशीच पुडी बांधते. पुडीत कधी बोंबील, कधी मुडदुशा, एकदा तर खाडीतल्या जिवंत निवट्या निघाल्या. सगळं मला आवडणारं. मी कुणालाच काही विचारलं नाही, कारण आमच्याकडे विचारत नाहीत. मुरब्याचं माणूस गाव सोडून राहायला गेलं की घरचे मासे त्याच्या दारापर्यंत जातातच. कंडक्टर नेतो, दूधवाला नेतो, शाळेतले मास्तर नेतात. आणलेली पुडी टांगायची आणि आपल्या वाटेने जायचं. कुणी आणली असं विचारलं तर त्याला आणल्याबद्दलच्या वाट्याची आठवण करून दिल्यासारखं होतं, म्हणून घेणाराही गप्प बसतो. आई रोज दुपारी पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची, पण तिची परतीची एस.टी. आणि माझी सुटणारी पाळी यांची वेळ एकच. त्यामुळे आठवडाभर आमची गाठ पडत नसे, आणि त्या पुड्यांनी मला वाटायचं की पडली. मी पानाचा लाल डाग बोटांवर तसाच ठेवून चुलीशी, म्हणजे माझ्या वातीच्या स्टोव्हशी बसायचे. लहानपणी आम्ही सागाची कोवळी पानं चोळून तळहात रंगवायचो, ते आठवायचं. भात जास्त खाल्ला जायचा.

तो रविवार मी पुढे कितीदा तरी मनात फिरवून बघितला आहे. भीती वाटली का? वाटली, पण ती नंतर. आधी जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. कुणी तरी मला जेवायला घालत होतं आणि मी ते आईच्या हातचं म्हणून पोटात घातलं होतं, बोटं चाटली होती, काटे बाजूला काढताना एकटीच गुणगुणले होते. कुणी तरी हे सगळं होणार हे जाणून पुडी बांधली होती. शरीर इतकं उदार असतं की त्याने ते मासे कधीच माझे करून टाकले होते. प्रयोगशाळेत आम्ही थेंब थेंब सोडत बसतो, काही होत नाही, काही होत नाही, आणि एका थेंबाला अख्खं भांडं गुलाबी होतं. आईच्या त्या दोन शब्दांनी तसं झालं. मागचे दोन महिने पुन्हा पहिल्यापासून दिसायला लागले, वेगळ्या रंगात.

आईचं डोकं मात्र माझ्यापेक्षा जलद चाललं होतं. गुरुवारी बोंबील कुणी कुणी नेले ते ती बोटावर मोजत होती, आणि एका बोटापाशी थांबून ती चक्क खूश झाली. "माज्या भवानीवाल्यानं नेले," ती म्हणाली. आता भवानी म्हणजे काय हे बाजारात बसणाऱ्या बाईला विचारावं. पाटीवरचं फडकं काढल्यावर पहिली जी विक्री होते ती भवानी. तो पहिला पैसा आई पाटीला लावते, कपाळाला लावते आणि मग कनवटीला. पहिल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची नाही, त्याला नाही म्हणायचं नाही, त्याला हसतमुखाने माल द्यायचा. त्याच्या पायगुणावर पुढची सगळी पाटी. आणि दसऱ्यापासून आईला असा एक भवानीवाला मिळाला होता की तो आला की दिवस मावळायच्या आत पाटी रिकामी. सडपातळ, खिशाला पेन, निळी सायकल. मावशी म्हणतो. कधी भाव विचारत नाही, ताजा आहे का म्हणून माशाचा कल्ला उघडून बघत नाही, म्हणतो, तुम्हाला आवडेल ते द्या. मग आई म्हणायची, मला काय आवडतं ते राहू दे, माझ्या चंद्रकांतेला काय आवडतं ते देते. आणि मासे पानात बांधता बांधता ती त्याला चंद्रकांता सांगायची. पालघरच्या कॉलेजात शिकली, गावातली पहिली मुलगी. केमिस हाय. गोजराबाईच्या चाळीत शेवटची खोली. पाऊस पडला की तिला घरची आठवण येते. विंचवाला भीत नाय, पण पालीला भिते. हे सगळं माझ्या आईने, तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अभिमान म्हणून, रोज एका पुडीसोबत त्याला बांधून दिलं होतं.

निळी सायकल म्हटल्यावर मी उठून उभी राहिले. ती सायकल मी पाहण्याआधी ऐकली होती. वसाहतीतून सालवडला येताना तो एक लांब सरळ रस्ता आहे, एका बाजूला कारखान्यांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला गटार, ज्यात त्या दिवशी ज्या रंगाचं काम असेल त्या रंगाचं पाणी वाहतं. सायकल जोरात मारत असलं की ती मुकी असते. पायडल थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते. माझ्या मागे ती टिकटिक असायची. माणूस चालण्याच्या वेगाने सायकल नेत असेल तर तो सारखा पायडल थांबवणार, आणि मला ओलांडून जायचं नसेल तरच तो चालण्याच्या वेगाने नेणार, एवढं गणित मला तेव्हाच जमायला हवं होतं. पण रस्त्यावर शंभर सायकली. मी एकदा चपलेचा अंगठा नीट करायला वाकले तेव्हा टिकटिकही थांबली होती. मी सरळ झाले, चालू लागले, आणि ती पुन्हा सुरू झाली. त्या संध्याकाळी मी पाठीवरून पदर घट्ट ओढून घेतल्याचं आठवतं, आणि घरी येऊन पुडी बघून मन शांत झाल्याचंही. मागे कुणी असलं तरी पुढे दारात आई आहे, असं काहीसं वाटलं असावं. आता ते आठवलं की हसूच येतं, पण चांगलं नाही.

आईला हे पटायला वेळ लागला. आधी तिने विचारलं की त्याची जात कोणती. मग म्हणाली मागणं घालायचं असेल, लाजत असेल, पुरुष कधी कधी लाजतात. मी म्हटलं, लाजणारा माणूस दोन महिने मागे मागे फिरत नाही. ती म्हणाली, तुझे वडीलही मला बघायला माझ्या माहेरी, एडवणच्या किनाऱ्यापर्यंत चालत यायचे. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं ना ते येतात ते? तिने हो म्हटलं आणि मग तिचं तिलाच कळलं. तरी दुसऱ्या दिवशी तो आला तर त्याला मासे देऊ नकोस असं सांगितल्यावर ती अडून बसली. भवानी मोडता येत नाही. चोर आला तरी पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाहीत, पाटीचा अपमान होतो, वर्ष वाईट जातं. भाऊ दामू बोटीवरून आला आणि त्याने एका वाक्यात निकाल लावला की त्याला खोल पाण्यात नेतो. मी दोघांनाही गप्प केलं. मला माझा रस्ता परत हवा होता, आणि दामू तुरुंगात गेला असता तर तो रस्ता मला अजिबात नको होता. म्हटलं, मी चौकीत जाते. आपल्या घरातलं कुणीच चौकीत गेलेलं नाही, असं आई म्हणाली. मी म्हटलं, आपल्या घरातलं कुणी कॉलेजातही गेलं नव्हतं.

चौकीत धर्माजी नावाचे हवालदार होते. वाईट माणूस नव्हता. मला खुर्ची दिली, चहा मागवला, मग प्रश्न सुरू केले. अंगाला हात लावला? नाही. काही बोलला? नाही. शीळ, खूण, गाणं? नाही. चिठ्ठी? नाही. मग काय केलं त्याने? मी म्हटलं, मागे येतो, आणि दाराला मासे टांगतो. धर्माजींनी पेन खाली ठेवलं. ते हसू दाबत होते हे मला दिसत होतं आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मलाही आलं असतं. "बाई, घरातलं काही नेलं तर चोरी होते," ते म्हणाले. "हा तर आणून ठेवतोय. ह्याला मी काय कलम लावू? आणि रस्ता तर सरकारी हाय." मी म्हटलं, समुद्रही सरकारी असेल. पण माझे वडील एकनाथ समुद्रातल्या ज्या खुंटाला आपलं डोल जाळं लावायचे, त्याच्या तोंडाशी दुसऱ्याने जाळं लावलं तर गावात पंचायत बसायची. पाण्याला कुंपण नाही, तरी कुणाच्या मागे पुढे किती अंतर ठेवायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे मी मनात म्हटलं की तोंडाने, आता सांगता येणार नाही. तोंडाने म्हटलं असेल तर धर्माजींनी ते लिहून घेतलं नाही.

त्यांनी जे सुचवलं ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, चॅप्टर करू. म्हणजे तहसीलदारांसमोर दोघांनाही उभं करायचं आणि दोघांकडूनही शांतता राखण्याची हमी लिहून घ्यायची. मी विचारलं, दोघांकडून कशी? मी कुणाची शांतता मोडली? ते म्हणाले, पद्धत आहे, वाद म्हटला की दोन बाजू आल्या. मला एकदम आमच्या प्रयोगशाळेतला तराजू आठवला. एका पारड्यात काही ठेवलं की दुसरीकडेही वजन ठेवल्याशिवाय तो स्थिर होत नाही. मी म्हटलं, मी सही करणार नाही. एकदा सही केली की उद्या मी मागे वळून त्याला शिवी दिली तर ती माझ्या अंगावर यायची. धर्माजी म्हणाले, शिवी कशाला देता, चांगल्या घरच्या दिसता. मग त्यांनी त्याला बोलावून समज दिली. नाव कळलं, नागोराव. दुसऱ्या एका कारखान्यात भांडारात कामाला. म्हणाला म्हणे, मी कुणाला त्रास देत नाही, त्या बाईंच्या आईकडून मासे घेतो, घेणं गुन्हा आहे का. गुन्हा नव्हता. धर्माजींना तो सभ्य वाटला.

समज दिल्यानंतर तो मागून यायचा बंद झाला आणि पुढे उभा राहायला लागला. वळणावर, पाण्याच्या टाकीशी, चाळीच्या तोंडाशी. मी येते त्याच्या आधी तो तिथे. सायकल स्टँडला, नजर दुसरीकडे. आता टिकटिकही नव्हती, आणि ती नसणं जास्त कानात बसायचं. मी रस्ता बदलला. आईला काही सांगितलं नाही, तरी दोन दिवसांनी तो नव्या रस्त्यावरही होता. रस्ते तरी किती असणार. कारखान्यात साहेबांनी बोलावून घेतलं आणि फार गोड शब्दांत सांगितलं की फाटकाबाहेर रोज कुणी उभा असतो, बरं दिसत नाही, थोडे दिवस घरी राहिलात तर. गोजराबाईंनी माझ्या खोलीसाठी नवा भाडेकरू बघायला सुरुवात केली. तो कुठेही जात नव्हता, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं, आणि माझ्या भोवतीचं एकेक दार हळूच लोटलं जात होतं. मी मुरब्याला परत जाईन, तो पाटीपाशी येईल, आई त्याला पान बांधून देईल, असं दिसायला लागलं. माशाला जाळं कळत असेल तर ते असंच कळत असेल, चारी बाजूंनी मोकळं पाणी दिसताना. मी राजीनामा दिला नाही. साहेबांना म्हटलं, त्याला घरी राहायला सांगा.

मग त्याने चूक केली. पुड्या मी न वापरता तशाच मांजरांना टाकत होते, ते त्याला कळलं असावं. एका रविवारी मी गावी न जाता खोलीतच होते. दार बंद, खिडकी उघडी, आणि मी खाली जमिनीवर बसून केस विंचरत होते. खिडकीच्या गजांतून एक हात आत आला. मनगटाला घड्याळ होतं. हाताने चाचपून टॉवेलची खुंटी शोधली, तिला पुडी अडकवली आणि टॉवेल सारखा केला. अगदी सावकाश, घरच्यासारखा. टॉवेल सारखा केला हे मला सगळ्यात असह्य झालं. मी ओरडले नाही, कारण माझ्या आधी बाहेरून गोजराबाई ओरडल्या. नळावरून हंडा घेऊन येत होत्या. "अरे मेल्या, हात काढ तिच्या घरातनं," त्या म्हणाल्या, आणि हंडा त्याच्या पायावर आदळला. माझ्याबद्दल त्यांना काय वाटायचं ते वाटो, आपल्या चाळीच्या खिडकीत परका हात त्यांना चालणारा नव्हता. नाक्यावर त्यांची खानावळ होती आणि तो जेवायचाही तिथेच, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्याच रागात त्या आणखी एक बोलून गेल्या. हा तर माझ्याकडे बिनमाशाचं ताट घेतो, ह्याला वासाने मळमळतं.

मासे न खाणारा माणूस रोज मासे घेत होता. हे मी आईला सांगितलं. तिने पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. कल्ला उघडून बघत नव्हता, ती म्हणाली. मला वाटलं माझ्यावर विश्वास हाय. तेवढंच. दुसऱ्या दिवशी बाजारात काय झालं ते मला सागाची पानं विकायला येणाऱ्या भागीने सांगितलं. नागोराव आला, सायकल लावली, मावशी म्हणाला. आईने नुकतंच फडकं काढलेलं, पाटीत बोंबील. तिने फडकं पुन्हा पाटीवर टाकलं. सगळ्या बाया बघत राहिल्या. तो म्हणाला, भवानी करायची ना? आई म्हणाली, तुजी भवानी नको. त्या दिवशी तिने एकही मासा विकला नाही, सगळे परत आणले आणि वलांडीच्या बांबूंवर सुकत घातले. भागी म्हणाली, असं कुणी केलेलं तिने जन्मात बघितलं नाही.

खिडकीतून हात आत आला म्हटल्यावर धर्माजींना तक्रार लिहून घ्यावी लागली आणि खटला पालघरच्या कोर्टात गेला. तिथे सरकारी वकिलांनी मला समजावलं ते असं. पाठलागाला तेव्हा आपल्या कायद्यात कलम नव्हतं. तो दोन महिने मागे फिरला ते कायद्याला दिसत नाही. पण हात दिसतो. घरात शिरणं म्हणजे अख्खं शिरणं लागत नाही, शरीराचा कुठलाही भाग आत आला की पुरे. ते कलम चारशे अठ्ठेचाळीस. आणि पाचशे नऊमध्ये स्त्रीच्या लज्जेचा अपमान आहे, त्यात शब्द, हावभाव, वस्तू दाखवणं, आणि शेवटी तिच्या एकांताचा भंग असे शब्द आहेत. तो शेवटचा तुकडा कुणी फारसा वापरत नाही, म्हणाले, आपण बघू. मला ते आवडलं. इतक्या जुन्या पुस्तकात, इंग्रजाने लिहिलेल्या, माझा एकांत बसलेला होता आणि त्याला कुणी उठवलं नव्हतं. फक्त मासे टांगण्यामागे हेतू होता हे सिद्ध करायला साक्षीदार एकच होता, आणि तो म्हणजे आई. तिने उभं राहून सांगायला हवं होतं की तो माझ्याविषयी विचारत होता आणि ती सांगत होती. ते तिला जमेल का, हे मी तिला विचारलं नाही. तारखा पडत गेल्या. पावसाळा आला, बोटी वर ओढल्या, पुन्हा पाण्यात गेल्या. मी कामावर जात होते. बोंबील मात्र खात नव्हते.

नागोरावाच्या वकिलांनी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. मासे मिळाले ते चांगले होते की खराब? चांगले. फेकून दिले? आधी नाही. मग काय केलं? मी त्यांच्याकडे न बघता मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे बघितलं आणि म्हणाले, "खाल्ले. आवडीने खाल्ले. माझ्या आईचे समजून खाल्ले." मागे कुणी तरी हसलं. वकील म्हणाले, म्हणजे आपल्याला त्यात अपमान वाटला नाही. मी म्हटलं, तेव्हा नाही वाटला, म्हणून तर आता जास्त वाटतो. हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडून इतक्या सरळपणे आलं की माझं मलाच बरं वाटलं, जणू इतके दिवस घशात अडकलेला काटा निघाला.

मग आई. लुगडं नवं, केसात अबोलीचा गजरा, हातात काही नाही म्हणून हात कुठे ठेवावे हे न कळलेली. तिने सगळं सांगितलं. काय विचारलं, काय सांगितलं, कोणती खोली, कोणते मासे. पाल सुद्धा सांगितली. सांगताना ती नागोरावाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नव्हती. टेबलावरच्या एका पेपरवेटकडे बघत होती. वकिलांनी विचारलं, गिऱ्हाइकाशी बोलणं हा तुमचा धंदाच ना? हो, म्हणाली. मग ह्याने काय वावगं केलं? मला वाटलं आई आता रडेल. ती म्हणाली, "साहेब, मी माजी पोर ह्याला भवानीत दिली. मला म्हाईत नव्हतं. ह्याला म्हाईत होतं." तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, उतरू का. मला तिचा हात धरावासा वाटला, पण मधे कठडा होता. आई माझ्यावर प्रेम करते हे मी कधी तपासून बघितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही बघितलं, ते आपोआप दिसलं.

निकालाच्या दिवशी साहेबांनी दोन्ही कलमांखाली दोषी धरलं. पहिलाच गुन्हा, वय तरुण, नोकरी आहे; म्हणून थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. मी सरकारी वकिलांना विचारलं, म्हणजे किती? ते जरा ओशाळून म्हणाले, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत इथे बसायचं, साहेब उठले की सुटला. आईला वाटलं मी चिडेन. दामू तर बाहेर जाऊन थुंकला. मला राग आला नाही असं नाही. इतक्या महिन्यांच्या बदल्यात एक दिवस. पण कायद्याने त्याला बसायला जी जागा दिली होती ती म्हणजे भिंतीकडचं पुढचं बाक, आणि त्याच्या मागे एक बाक रिकामं होतं.

मी त्या मागच्या बाकावर जाऊन बसले. आई म्हणाली, चल, एस.टी. जाईल. म्हटलं, जाऊ दे, दुसरी येईल. ती पण बसली. दुसरे खटले सुरू झाले, कुणाची म्हैस, कुणाचा बांध. मी नागोरावाची पाठ बघत होते. पाठ मी पहिल्यांदाच बघत होते. सदऱ्याची शिवण एका खांद्यावर उसवून पुन्हा घातलेली. मानेवर घामाचा पट्टा. काही करायचं नव्हतं मला, फक्त बसायचं होतं. थोड्या वेळाने त्याने मान किंचित वळवली आणि मी तिथेच आहे हे बघितलं. मग सरळ झाला. मग कॉलर ओढली. मग पुन्हा वळला. शिपायाने त्याला दटावलं, पुढे बघ. दुपारपर्यंत त्याच्या खांद्यांत एक ताठरपणा आला जो मला चांगला ओळखीचा होता. तो मी रोज त्या लांब रस्त्यावर माझ्या पाठीत घेऊन चालले होते. मला वाटलं होतं त्याचा आनंद होईल. आनंद नव्हता, पण माझी पाठ बाकाला टेकली होती, पूर्ण टेकली होती, आणि ती अशी टेकल्याला वर्ष उलटून गेलं होतं.

साहेब उठले. सगळे उभे राहिले. बाहेर अंगणात निंबाखाली त्याची निळी सायकल होती. तो तिच्यापाशी गेला आणि थांबला, आम्ही आधी जाण्याची वाट बघत, सवयच ती. मी पायरीवर उभी राहिले. इतक्या दिवसांत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी म्हणाले, "पुढे व्हा."

तो गोंधळला. मी परत म्हटलं नाही, नुसती उभी राहिले. मग त्याने सायकल हातात धरली आणि फाटकातून बाहेर पडला. हातात धरून चालवताना चाक टिकटिक करत होतं. मी पहिल्यांदा तो आवाज माझ्या पुढून ऐकला, दूर दूर जाताना, आणि मग तो स्टेशनच्या रस्त्यावरच्या बाकीच्या आवाजांत गेला.

आई शेजारी उभी होती. म्हणाली, उद्या दर्या चांगला हाय, बोंबील येतील. तू खाशील का, हे विचारायचं होतं पण विचारवत नव्हतं तिला. मी म्हटलं, उद्या मी रजा टाकते आणि बाजारात येते. तू फडकं काढलंस की भवानी मी करणार.

"घरच्याची भवानी होत नाय," आई म्हणाली.

"होते," मी म्हटलं. "पैसे देऊन घेईन. आणि एकेक मासा हातात घेऊन बघेन, आवडला नाही तर परत ठेवीन."

तिने माझा हात धरला आणि आम्ही एस.टी.कडे चालू लागलो, ती पुढे आणि मी मागे.